दाजी उद्या-परवा निघणार आहेत

गावात जन्म काढूनही त्या गावाचा पाहुणा म्हणून राहावं, ही विद्या अख्ख्या बालाघाटाच्या डोंगरात एकाच माणसाला साधली आहे, आणि तो माणूस आमच्या शेजारच्या घरात राहतो. त्यांना सगळं गाव दाजी म्हणतं. शेंबडं पोर दाजी म्हणतं आणि काठी टेकत चालणारा म्हाताराही दाजीच म्हणतो, कारण घाटमाथ्यावरच्या आमच्या एवढ्याशा गावात एका घरचा जावई तो सगळ्यांचाच जावई. दाजी मूळचे तेरचे. चाळीसेक वर्षांपूर्वी अधिक महिन्यात ते सासुरवाडीला धोंड्याचं जेवायला आले. नवे कपडे, पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, सगळा मानपान झाला. आणि दुसऱ्या दिवशी निघणार तर सासरे माळवदाच्या छतावरून पडून हात मोडून बसले. सासऱ्यांची पिठाची गिरणी होती आणि ती बघायला दुसरं कुणी नव्हतं. "हात जुळंपर्यंत बसतो," म्हणून दाजी गिरणीत बसले. हात जुळला. पुढे सासरे गेले, सासूबाई गेल्या, इंजिन जाऊन विजेची मोटर आली, दाजींच्या भुवया आधी पिठानं आणि मग वयानं पांढऱ्या झाल्या. पण घरजावई हा शब्द त्यांनी स्वतःला चिकटू दिला नाही. कुणी विचारलं, "दाजी, कवा निघणार?" की उत्तर ठरलेलं असायचं: "निघायचंच की. उद्या-परवा."

हे पाहुणेपण त्यांनी फुकट सांभाळलेलं नाही. दारामागच्या खिळ्याला त्यांची खाकी चेनची पिशवी कायम भरलेली. सदरा धुतला, वाळला, घडी घातली की परत पिशवीत. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या अक्कानं, हौसेनं लोखंडी कपाट घेतलं आणि एक खण त्यांना दिला, तर त्यात त्यांनी लसणाच्या गड्ड्या ठेवल्या. आमच्या गावचा चढ, आमच्या गावचं वारं, आमच्या गावचं जड पाणी यांवर त्यांची नाराजी तर रोजची. "आमच्या तेरला बघा, नदीकाठ. सरळ चालावं माणसानं. हितं दळण आणाया निघालेली बाई खाली घसरत येती अन् पीठ घेऊन वर चढती. उलटं पायजे हुतं." डोंगराची उभारणीच उलटी झाली आहे हे त्यांनी मला इतक्या वेळा पटवून दिलं की लहानपणी मला ते खरंच वाटायचं. वाट चुकलेला कुणी पत्ता विचारायला लागला की दाजी आधी हात वर करायचे, "आमी हितले न्हाय," आणि मग गिरणी बंद करून त्याला थेट त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचवून यायचे. गावच्या बैठकीत "तुमच्या गावाचं तुमी बघा, आमी पाहुणं माणूस," असं म्हणून सुरुवात करायचे आणि जेवणवेळ टळून गेली तरी बोलत असायचे. गावात कुणी गेलं तर तिरडीला बांबू घेऊन सगळ्यांच्या आधी हजर तेच. अशा माणसाला पाहुणा म्हणायचं की काय म्हणायचं, याचा गोंधळ माझ्या डोक्यातून आजही गेलेला नाही.

खरी कमाल अधिक महिन्यात व्हायची. जावयाला धोंड्याचं जेवायला बोलवायचं तर तो बाहेरून यायला हवा, आणि हे तर घरातच. मग त्या दिवशी सकाळी दाजी पिशवी खांद्याला लावून एसटीनं घाट उतरायचे, खालच्या फाट्यावर चहा प्यायचे आणि दुपारच्या गाडीनं पाहुणे होऊन वर यायचे. दारात पायावर पाणी, भाकरतुकडा, टॉवेल-टोपी. सासूबाई गेल्यावर सासूचा मान माझ्या आईनं उचलला. आई अक्काची मैत्रीण, दाजींहून चांगली लहान, पण त्या दिवशी सासूबाईंच्या तोऱ्यात "प्रवास बरा झाला ना?" असं विचारायची, आणि दाजी गंभीरपणे सांगायचे, "गाडीला लई गर्दी." पदराआड तोंड लपवून अक्का हसत असायची.

मागच्या वर्षी अक्का गेली. त्यानंतर तेरहून पुतण्याचे फोन सुरू झाले, की काका, आता तिथं कोण आहे तुमचं, या इकडं. दाजी त्याला "येतो की, उद्या-परवा" म्हणत, आणि तेच जुने शब्द आता गावाला भीती घालायला लागले. "दाजी, कवा निघणार?" हे विचारणं सगळ्यांनी बंद केलं. न जाणो, खरंच निघायचे.

यंदाच्या अधिक महिन्यात मी पुण्याहून गावी निघालो होतो. फाट्यावर गाडी बदलायला उतरलो तर झाडाखाली दाजी बसलेले. मांडीवर पिशवी. त्या फाट्यावर वर जाणाऱ्या आणि खाली जाणाऱ्या गाड्या एकाच झाडाखाली थांबतात, त्यामुळे बसलेला माणूस येतोय की जातोय ते नुसतं बघून कळत नाही. बॅग ओढत मी घाईनं त्यांच्याकडे गेलो.

"कुठं निघालात, दाजी?"

"निघालो न्हाय. यायलोय." मग मांडीवरची पिशवी सारखी करत म्हणाले, "म्हंजे, यायचं का न्हाय ते बघायलोय."

सवयीनं ते सकाळी उतरले होते. चहा पिताना ध्यानात आलं, की यंदा बोलावणंच आलेलं नाही. वर जाणारी एक गाडी त्यांनी सोडली, तेरच्या बाजूची एक सोडली. "वर गेलो तर आपलंच कुलूप आपणच उघडायचं. ह्याला काय पाहुणा म्हंत्यात? अन् लेकच न्हाय ऱ्हायली, तर जावई कुठला?"

"मी बोलावतो की, चला!"

त्यांनी माझ्याकडे, माझ्या चाकाच्या बॅगेकडे पाहिलं. "तुमी? तुमी सवताच दोन दिसाचे पाहुणे."

माझं गाव, माझं घर, आणि बोलवायचा अधिकार मला नाही; आणि गावातच जन्म काढलेले दाजी म्हणे गावचे नाहीत. चक्रावून मी आईला फोन लावला आणि त्यांच्या कानाला दिला. आईचा आवाज मलाही ऐकू येत होता. "दाजी, कुठं हात तुमी? सकाळधरनं तांब्या भरून दारात ठेवलाय. धोंडे गार व्हायलेत. लेक गेली म्हणून जावई जातो व्हय? या मुकाट्यानं!"

दाजींनी फोन परत दिला, खिशातून दस्ती काढून डोळे पुसले. "एवढं म्हणायल्या तर जावं लागंल," म्हणाले, आणि वरच्या गाडीत माझ्याआधी चढले.

आईनं त्यांच्या पायावर पाणी घातलं, तुकडा ओवाळून टाकला, विचारलं, "प्रवास बरा झाला ना?" दाजींना गर्दीचं काही बोलताच आलं नाही. नुसती मान हलवली. आम्ही तिघंही मग खाली मान घालून जेवलो. अक्का फार आठवली.

दोन दिवसांनी मी परत निघालो, तर गिरणी बंद करून दाजी स्टँडवर आले. खिडकीतून त्यांनी पिशवी आत दिली. तीच, खाकी, चेनची. आत ज्वारीचं ताजं पीठ होतं, हाताला अजून गरम लागत होतं.

"दाजी, पिशवी? तुमचे कपडे?"

"कपाटात ठिवले. लसणाचा वास यायलाय थोडा." गाडी हलली तसे ते दोन पावलं बरोबर चालले. "ऱ्हाऊ द्या ती तुमच्याकडंच. जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाला लागती."

पीठ केव्हाच संपलं. पिशवी पुण्यात माझ्या दारामागच्या खिळ्याला आहे. इथं मला कुणी, गावाकडं कधी जाणार, असं विचारलं, की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "जायचंच की. उद्या-परवा."