परकरवाला परत आला का?

मैत्रिणींनो, आजच्या बुक क्लबची यजमान मी होते. आता पायांत जीव उरलेला नाही.

सकाळपासून साबुदाणा वडे, चटणी, शेजारून आणलेल्या खुर्च्या. पुस्तक होतं स्कॉटलंडमधली एक जुनी प्रेमकथा. सहा जणी आल्या. "अर्धंच झालं गं." "वेळच नाही मिळाला यार." मी तरी कुठे संपवलं होतं? वडे मात्र संपले.

चर्चा व्हावी म्हणून मीच गोष्ट सांगायला लागले. किल्ट, म्हणजे तिकडच्या पुरुषांचा चौकड्यांचा घागरा, घातलेला नायक लढाईला निघाला, एवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या माझ्या ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंनी विचारलं, "तो परकरवालो परत इलो काय गो?"

मग त्यांनीच सांगितलं. एकाहत्तर साली त्यांच्या कांदिवलीच्या चाळीत शेजारच्या नलूताई दुपारी तांदूळ निवडणाऱ्या बायकांना हेच इंग्रजी पुस्तक मराठीतून सांगायच्या. किल्टला शब्द सुचेना, म्हणून त्यांनी परकर म्हटलं. नायक लढाईला गेला आणि नलूताईंच्या नवऱ्याची बदली झाली. पुस्तकही त्यांच्याबरोबर गेलं.

आम्ही सात शिकलेल्या बायका, पण शेवट एकीलाही माहीत नव्हता.

सगळ्या गेल्यावर मी शेवटचं पान उघडलं. म्हटलं, एका मिनिटात सांगून मोकळी होते. सासूबाईंनी पानावर हात ठेवला.

"मधला गाळू नको. पन्नास वर्सां थांबलंय मी, तुका कसली घाई?"

एकशे चाळीस पानं उरलीत. उद्या दुपारी तीनला सासूबाईंना वाचून दाखवायला बसतेय. वडे मिळणार नाहीत. कोण येतंय?