साठचा काटा, लाजेचा चहा

आमच्याकडे किस्से एवढे साठलेत, त्याला कारण आमचा चहा. नगरजवळच्या माळावर आमचं छोटं फ्लाइंग स्कूल आहे. एक धावपट्टी, एक हँगर, दोन-दोन सीटची चार विमानं आणि वारा म्हणाल तेवढा. मी इथं इन्स्ट्रक्टर. हवेत ज्याच्या हातून गाढवपणा होईल, त्यानं खाली आल्यावर सगळ्यांसाठी चहा करायचा आणि कप रिकामे होईपर्यंत आपली फजिती स्वतःच्या तोंडानं सांगायची, असा आमचा रिवाज. त्याला आम्ही ‘लाजेचा चहा’ म्हणतो. दुसऱ्यानं सांगितली तर चेष्टा होते, आपण सांगितली तर धडा होतो, असं आमचे चीफ इन्स्ट्रक्टर कॅप्टन सातपुते म्हणतात. धडा किती होतो माहीत नाही, साखर मात्र फार लागते!

यातला निम्मा चहा एकाच आकड्यापायी होतो. साठ.

लोकांना वाटतं, इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं कोसळतं. तसं नसतं. ते घसरगुंडीवरून आल्यासारखं पुढं सरकत सरकत खाली येतं. फक्त प्रत्येक विमानाचा एक वेग ठरलेला असतो. तो धरला की ते सगळ्यात लांब पोचतं. आमच्या विमानांचा तो वेग साठ नॉट. काटा साठच्या खाली गेला तरी कमी पडता, वर गेला तरी कमी पडता. आणि माणसाची खोड अशी, की जमीन जवळ येताना दिसली की हात आपोआप कंट्रोल ओढतो, विमानाचं नाक वर करतो. वाटतं, अजून थोडं लांब जाऊ. होतं उलटंच. वेग मरतो, आणि जिथं पोचणार होतो तिथंही पोचत नाही. म्हणून आमच्याकडे दिवसभर एकच घोष चालू असतो : “इंजिन गेलं? नाक खाली! साठ धर!”

*

एकदा स्कूलच्या कार्यक्रमाला तालुक्यातले एक पुढारी पाहुणे म्हणून आले. नुकतीच त्यांची साठी झाली होती, गावोगावी फ्लेक्स लागले होते. आम्ही त्यांना विमान दाखवलं. त्यांनी कौतुकानं एका पोराला विचारलं, “काय रे, इंजिन बंद पडलं म्हंजी काय करता तुमी?”

पोरगं सावधान उभं राहून ओरडलं, “साठ, सर!”

पाहुण्यांचा चेहरा उतरला. सातपुते सरांनी घाईघाईनं विषय बदलला, पण पाहुण्यांच्या डोक्यातून ते जाईना. भाषणाला उभे राहिले तेव्हा पहिलंच वाक्य : “साठ झाली म्हनून काय झालं? आमचं इंजिन अजून चालू हाय!”

त्या दिवशी चहा कुणी करायचा यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. शेवटी सरांनीच केला.

*

आता ऋतुजाबद्दल सांगायला हवं, कारण त्या महिन्यांत आमच्या सगळ्यांच्या जिवाला तिचाच घोर होता. श्रीगोंद्याकडच्या ऊसवाल्या शेतकऱ्याची पोरगी. हुशार, मेहनती, लँडिंग तर असं करायची की सीटमागं ठेवलेली पाण्याची बाटली हलू नये. पण इंजिन बंद पडल्याचा सराव आला की संपलं! मी थ्रॉटल, म्हणजे इंजिनची ताकद कमी-जास्त करायचा दांडा, मागं घेतला की ही नाक वर करणार. काटा साठवरून पंचावन्नवर, पंचावन्नवरून पन्नासवर.

“ऋतुजा, ओढू नकोस!”

“सर, मी ओढत न्हाई. हात ओढतोय!”

एवढं एक जमल्याशिवाय तिला एकटीनं विमान न्यायची परवानगी मिळणार नव्हती. लाजेचा चहा तिनं इतक्यांदा केला, की शेवटी ती फजिती सांगेचना. नुसता कप पुढं करायची आणि खाली बघत उभी राहायची. आम्हीही गपचूप प्यायचो. त्या चहाची मला फार लाज वाटायची, कारण न येणारं शिकवायचं काम माझंच होतं. सातपुते सरांनी शेवटी सांगून टाकलं, “येत्या चेकच्या उड्डाणात साठ धरता आलं नाही, तर मी हिच्या वडलांना बोलावून घेणार. पोरीला घरी घेऊन जा म्हणणार.”

*

माझाही एक चहा आहे. सांगतो, सुटका नाही.

राजूरला बायकोच्या मावशीकडे गेलो होतो. परतताना उतारावर मोटारसायकलचं पेट्रोल संपलं. खाली लांबवर पंप दिसत होता. मी बायकोला म्हटलं, “घाबरू नकोस. याला म्हणतात ग्लाइड. आता बघ, ब्रेक न लावता बरोबर पंपावर नेऊन उभी करतो.”

गाडी सुरेख निघाली. मी मागं वळून वेग, उंची, अंतर असं सगळं समजावून सांगत होतो. वाटेतल्या स्पीडब्रेकरचा तेवढा हिशेब राहिला. गाडी त्यावरून अशी उडाली की बायको आणि मावशीनं दिलेलं तांदळाचं गाठोडं, दोन्ही क्षणभर हवेत होती! त्यात वेग गेला आणि पंपाच्या अलीकडच्या चढाला गाडी थांबली. आम्ही दोघं ती ढकलू लागलो. तेवढ्यात शेजारी एक जीप थांबली. आत आमचाच विद्यार्थी ओंकार, सहकुटुंब.

त्यानं काच खाली केली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, “सर, नाक वर केलं होतं का?”

बायको त्याला म्हणाली, “अरे, यांचं नाक कायमच वर असतं!”

*

हा ओंकार नगर शहरातला. इंजिनिअरिंग करून आलेला, त्यामुळं पुस्तकावर विश्वास कमी. सातपुते सर प्रत्येकाला एक काम देतात : साठ हा आकडा पाठ करू नका, स्वतः शोधून काढा. एकाच उंचीवरून इंजिनची ताकद काढून घ्यायची, दर वेळी वेगळा वेग धरायचा आणि कोणत्या वेगाला विमान सर्वांत लांब जातं ते बघायचं.

मी त्याला घेऊन वर गेलो. त्यानं मोबाईलवर स्टॉपवॉच लावून मोजणी केली. खाली उतरला तो विजयी मुद्रेनं.

“सर, पुस्तक चुकलंय! साठ नाही, पन्नास. पन्नासला विमान खाली यायला सगळ्यात जास्त वेळ लागतो!”

सातपुते सर शांतपणे म्हणाले, “तू वेळ मोजलास. अंतर कुणी मोजायचं?”

विमान जास्त वेळ हवेत राहिलं म्हणजे जास्त लांब गेलं असं नव्हे, हे ओंकारच्या डोक्यात हळूहळू उतरू लागलं. कान लाल झाले.

“म्हणजे सर, ते वर राहिलं पुष्कळ वेळ, पण पोचलं जवळच?”

“बरोबर.”

ओंकारनं मान खाली घातली आणि स्टोव्ह पेटवायला निघाला. जाता जाता म्हणाला, “माझं इंजिनिअरिंग असंच झालं सर!”

*

सातपुते सरांचा मुख्य किस्सा शेततळ्याचा. सरांना चष्मा लागलाय हे सगळ्यांना ठाऊक आहे, सर सोडून. एकदा ओंकारला घेऊन वर गेले आणि अचानक थ्रॉटल मागं ओढून म्हणाले, “इंजिन गेलं! कुठं उतरणार?”

ओंकारनं नाक खाली केलं, काटा साठवर आणला आणि बोट दाखवलं. “सर, ते हिरवं, सपाट, मोकळं.”

“वा! याला म्हणतात निवड. झाड नाही, तार नाही, बांध नाही. चल तिकडं.”

दोघं डौलात उतरत निघाले. उंची कमी होत गेली तसं ते हिरवं मैदान चमकायला लागलं. मग त्यावर बदकं दिसली. मग बदकांच्या मागं उठलेल्या लाटा दिसल्या!

सरांनी थ्रॉटल पुढं केला आणि विमान परत आणलं. चहा स्वतः केला, आलं घालून केला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. फजिती तर सांगायलाच हवी, नियम त्यांचाच. सरांनी घोट घेतला, खाकरले.

“मैदान चांगलं होतं,” म्हणाले. “जरा ओल होती.”

*

ऋतुजाचं कोडं सुटलं तेही चहावरच. मी हिशेब लावत होतो तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की पोरगी उत्तरेला, पूर्वेला बिनचूक साठ धरते. हात ओढतो तो फक्त दक्षिणेला, श्रीगोंद्याच्या बाजूला गेल्यावर. चेकही नेमका त्याच बाजूला असतो. मी सरळ विचारलं.

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, “सर, तिकडं आमचं गाव हाय.”

“मग?”

“गावात म्हाईत न्हाई, मी हितं हाय ते.”

तिचा थोरला भाऊ फौजदार व्हायला म्हणून पुण्याला गेला होता. गावानं आधीच हार-तुरे घातले, आणि तो परीक्षेत नापास होऊन परत आला. तेव्हापासून लोक त्याला ‘फौजदारसाहेब’ म्हणूनच हाक मारतात. घरचे त्या हाकेनं इतके पोळले, की ऋतुजाच्या वडलांनी, म्हणजे आण्णांनी, गावात सांगितलं : पोरगी लांबच्या एका साखर कारखान्यात हापिसात लागलीय. पायलट झाली तर मग सांगू, न्हाई झाली तर कारखाना हायच!

“म्हणून विमान खाली यायला लागलं की तू वर ओढतेस?”

“कुनी बघितलं तर, सर?”

“अगं, एवढ्या उंचावरून तू त्यांना दिसतेस का?”

“मला ते दिसत्यात की!”

आम्ही हसलो. ती हसली नाही. डोळ्यांत पाणी होतं. मग आम्हालाच शरमल्यासारखं झालं आणि ओंकार उगाच कप विसळायला उठला.

*

चेकच्या आदल्या दिवशी शेवटचा सराव म्हणून मी तिला मुद्दाम दक्षिणेलाच घेऊन गेलो. म्हटलं, भीती तिथंच मोडायची. खाली तिचं गाव आलं. मी थ्रॉटलकडे हात नेला, आणि त्याला हात लागायच्या आतच इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. खरोखरचं! इंधनाच्या नळीत कचरा अडकला होता, ते नंतर कळलं.

समोरचा पंखा थांबलेला बघणं फार वाईट. मला लाज वाटते सांगायला, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो, ‘आता सर काय म्हणतील?’ हा.

“विमान तुझ्याकडं,” मी म्हटलं. मी इंजिन परत चालू करायच्या खटपटीला लागलो आणि रेडिओवर बोलू लागलो. एक हात मात्र माझ्या कंट्रोलजवळ ठेवला. खाली सगळीकडे उभा ऊस, नाहीतर तोडलेल्या उसाच्या सऱ्या. मोकळी जागा एकच, गावाला लागून असलेला कुस्त्यांचा माळ.

“सर, कालव्याच्या पल्याड घेऊ का? तिकडं पडीक हाय.”

“पोचणार नाही.”

काटा साठवरून हलला. अठ्ठावन्न. पंचावन्न. नाक वर येत होतं.

“ऋतुजा, साठ!”

“सर, खाली सगळी भावकी हाय!”

“असू दे! मेलीस तर भावकी रडेल, उतरलीस तर हसेल. हसू दे त्यांना! साठ धर!”

तिनं दात-ओठ खाल्ले आणि नाक खाली घातलं. गाव अंगावर आल्यासारखं मोठं होत गेलं. पत्रे, गोठे, वाळत घातलेल्या गोधड्या, वर बघणारी माणसं. काटा साठवर होता. तिथून तो हलला नाही.

चाकं माळाला लागली. दोनदा उडालो, खडखडत गेलो आणि थांबलो. कुणाला खरचटलंही नाही. मी तिच्या पाठीवर थाप मारली, तर ती दोन्ही हातांनी तोंड झाकून बसलेली.

“सर, तुमी उतरा. मी हितंच बसते.”

पण गाव तोवर पोचलं होतं. तिच्या चुलतीनं दारातून डोकं आत घातलं आणि किंचाळली, “अगं बया! ही तर आपली ऋतू!”

मग ऋतुजा उतरली आणि मान खाली घालून पंखाखाली उभी राहिली. तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि आण्णा आले. धावत आलेले, पायात एकच चप्पल. त्यांनी पोरीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, ती धड आहे याची खात्री करून घेतली, आणि मग त्यांना गर्दी दिसली. त्यांचीही मान खाली गेली. मी पुढं होऊन काही बोलणार, तोच त्यांचे चुलतभाऊ तात्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “का रं आण्णा? पोरगी कारखान्यात हाय म्हनला हुतास न्हवं?”

आण्णांनी एकदा तात्यांकडं बघितलं, एकदा विमानाकडं, थांबलेल्या पंख्याकडं.

“हाय की,” ते म्हणाले. “कारखान्याचंच हाय हे. म्हनून तर बंद पडलंय!”