उरलेली मुदत

नवऱ्याच्या तेराव्यासाठी मागून आणलेली मोठी पातेली अजून शेजारी परत द्यायची होती, तेव्हा आमच्या दुकानाच्या गाळ्याचे मालक घरी आले. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी दारात चपला नीट जोडीने काढल्या, भिंतीवरच्या फोटोला नमस्कार केला आणि खुर्चीच्या कडेला टेकले. मी पाणी दिलं, ते हातात धरून बसले.

"वहिनी, तुम्हाला घाई नाही," ते म्हणाले. "पण सांगून ठेवतो, नंतर गैरसमज नको. गाळ्याचा करार संपला."

करार पाच वर्षांचा होता आणि त्यातली दोन वर्षं अजून बाकी होती, एवढं मला माहीत होतं. मी तसं म्हटलं.

"ती मुदत त्यांच्यासाठी होती. परवानगी त्यांना दिलेली होती. ते गेले, परवानगीही गेली. कायदाच तसा आहे, मी केलेला नाही."

मी 'बरं' म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यांनाच बरं म्हणत होते. कोणी म्हणालं दोन घास खाऊन घे, बरं. कोणी म्हणालं रड, मोकळी हो, त्यालाही बरं. रडू मात्र आलं नव्हतं. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय आपला असून आपला लागत नाही, तसं माझं सगळंच झालं होतं. नवरा सकाळी अंघोळीला गेला आणि बाहेर आलाच नाही. दार तोडलं तेव्हा बादली भरून पाणी वाहत होतं. मी आधी नळ बंद केला.

आमचं दुकान दिंडोरी रोडला आहे. द्राक्षबागेला फवारणी करायचे पंप आणि ब्लोअर, त्यांचे सुटे भाग, विक्री आणि दुरुस्ती. दुरुस्ती तो करायचा. मुलगी शाळेत जायला लागल्यापासून, म्हणजे दुकान जुन्या जागेत होतं तेव्हापासून, मी गल्ल्यावर बसत होते आणि बघून बघून निम्मं काम मलाही यायला लागलं होतं. पावसाळा सरताना द्राक्षवेलींची गोडी छाटणी झाली की निफाड-दिंडोरीकडची माणसं पहाटेपासून पंप घेऊन यायची. तो गेला तेव्हा छाटण्या तोंडावर आल्या होत्या. दुकानात दुरुस्तीला आलेले लोकांचे पंप तसेच पडून होते.

माझ्या दिराने मार्ग काढला. तो ओझरला नोकरीला आहे. म्हणाला, "वहिनी, नवा करार माझ्या नावावर करू. मालकांशी मी बोललोय, त्यांची हरकत नाही. दुकानात तुम्हीच बसा. पण कागदावर पुरुषमाणसाची सही असलेली बरी. उद्या कोणी त्रास द्यायला नको."

त्याच्या मनात वाईट नव्हतं, असं मला आजही वाटतं. त्यालाही मी बरं म्हटलं.

त्याला जुना करार हवा होता, म्हणून मी कपाटातून काढला आणि देण्याआधी वाचला. वाचायचं असं ठरवलं नव्हतं. हातात होता, दुपार होती, मुलगी कॉलेजला गेली होती. तीन वर्षं मी ज्याला भाडं म्हणत होते, त्याला तिथे परवाना शुल्क म्हटलं होतं. भाडेकरू हा शब्द कुठेच नव्हता, माझा नवरा परवानाधारक होता. प्रत्येक पानाच्या खाली त्याची घाईत केलेली सही होती. भिंतीत ठोकून बसवलेली कोणतीही वस्तू मालकाची होईल, असं एका पानावर लिहिलेलं होतं. म्हणजे आमचे सगळे लोखंडी रॅक. ते त्याने आणि मी मिळून बसवले होते, ड्रिल त्याच्या हातात आणि शिडी मी धरलेली. मी पान उलटलं.

वाचलं, पण सगळं कळलं नाही. एका मैत्रिणीने जिल्हा कोर्टाजवळच्या ओळखीच्या वकीलबाईंकडे नेलं. बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी कागद चाळले आणि विचारलं, "नव्या करारावर सही तुमचे दीर करणार आणि दुकानात तुम्ही बसणार?"

"हो."

"मग हे कलम वाचा. मोठ्याने वाचा."

मी वाचलं. परवानाधारकाने ही जागा स्वतःच वापरायची, इतर कोणालाही वापरू द्यायची नाही.

"मालक नवा करारही ह्याच मसुद्यावर करणार," त्या म्हणाल्या. "त्यात तुम्ही 'इतर कोणी' आहात. तुम्ही दुकान उघडलंत की पहिल्याच दिवशी करार मोडला. उद्या मालकांच्या मनात आलं तर त्यांना कारण शोधावं लागणार नाही. किंवा दिरांच्या मनात आलं तर."

मला रागही आला नाही. फक्त 'इतर कोणी' हे शब्द डोक्यात राहिले.

"मालक म्हणाले ते खरं आहे का? माणूस गेला की करार जातो?"

"असल्या करारात, हो. लीज म्हणजे पट्टा असता तर गोष्ट वेगळी होती, त्यात जागेवर काही हक्क येतो. हा परवाना आहे. परवाना माणसाला देतात आणि माणसाबरोबर तो संपतो." मग कागद माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "हा करार वाईट नाही हो. मालकाच्या बाजूने नीट लिहिलाय, एवढंच. तुमच्या बाजूने लिहायला कोणी बसलंच नव्हतं."

त्यांनी मला पेन्सिलने खुणा करून दिल्या. लॉक-इन, म्हणजे ज्या काळात जागा सोडता येत नाही ती मुदत, फक्त आमच्यावर होती. आम्हाला जाता येत नव्हतं, पण मालकांना महिन्याची नोटीस देऊन कधीही काढता येत होतं. स्लॅब गळला तर खर्च कोणाचा, हे लिहिलेलंच नव्हतं.

"करार तुमच्या नावावर मागा. आणि हे सगळं विचारा."

"नाही म्हणाले तर?"

"तर नाही म्हणतील. विचारल्याने गाळा जात नाही."

दोन दिवसांनी मी मालकांच्या घरी गेले, एकटीच. ते दिराची वाट बघत होते. त्यांनी माझ्या मागे जिन्याकडे नजर टाकली, मग आत या म्हणाले. त्यांच्या बायकोने जेवणाच्या टेबलावरची चटणी-लोणच्याची भांडी बाजूला सरकवली आणि आम्ही कागद पसरले.

"करार माझ्या नावावर हवा, काका," मी म्हटलं. "दुकान मी चालवणार आहे."

"तुम्हाला जमेल?"

"माहीत नाही."

त्यांना बहुधा हो किंवा नाही अपेक्षित होतं. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान उघडलं. रॅक माझे राहतील, हे त्यांनी लगेच मानलं. स्लॅब आणि भिंती त्यांच्याकडे, शटर आणि वायरिंग माझ्याकडे. लॉक-इन दोघांना सारखं, तीन वर्षांचं, यावर ते बराच वेळ अडले. "म्हणजे तीन वर्षं मी माझाच गाळा मागू शकत नाही?" असं दोनदा म्हणाले. मी उत्तर दिलं नाही. माझ्यापाशी वाद घालण्याइतकं काही शिल्लकच नव्हतं, आणि त्या गप्प बसण्याला ते माझा ठामपणा समजले असावेत. शेवटी त्यांनी मान्य केलं.

शेवटची खूण होती ती माझ्यानंतरची. मला काही झालं तर उरलेली मुदत माझ्या मुलीला मिळावी, असं मी म्हटलं.

मालकांनी चष्मा काढला.

"वहिनी, बाकी काय हवं ते मागा. वारस हा शब्द मी लिहिणार नाही." मग त्यांनी सांगितलं, की मेनरोडला त्यांच्या वडिलांचं दुकान होतं. एका कापडवाल्याला भाड्याने दिलेलं. तो गेला, मुलगा बसला. मुलगा म्हातारा झाला, नातू बसला. भाडं जुनंच. कोर्टात वडिलांचे केस पांढरे झाले. "माझे वडील त्या दुकानावरून जायची वेळ आली की रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. आपलंच दुकान, आणि माणूस पलीकडून जातोय. मी लहान होतो, त्यांचा हात धरून मीही ओलांडायचो."

मला त्यांची दया यायला हवी होती. ती आली नाही, पण ते कशाला भितात ते नीट दिसलं. पंप उघडल्यावर कुठला वॉशर गेलाय ते दिसतं, तसं.

"वारस नका लिहू," मी म्हटलं. "असं लिहा, की मला काही झालं तर घरच्यांना चालू हंगाम संपेपर्यंत दुकान उघडता येईल. लोकांचे पंप दुरुस्त करून परत द्यायचे, माल विकायचा आणि मग तुम्हाला किल्ली द्यायची. आत्ता दुकानात लोकांचे पंप पडलेत, काका. छाटण्या सुरू होतील. मी शटर उघडू शकत नाही."

"हंगाम म्हणजे कधीपर्यंत? कागदावर तारीख लागते."

"मार्चअखेर."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. स्वतःच्या मरणाबद्दल मी एखाद्या नोझलच्या मापाबद्दल बोलावं तशी बोलत होते, हे मला तेव्हा जाणवलं. चहा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोला आधीच जाणवलं असावं. तिने कप ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "लिहा की हो. मार्च काय, दर वर्षी येतोच."

त्यांनी समासात स्वतःच्या हाताने ते लिहिलं. उठताना म्हणाले, "शटर उद्यापासून उघडा. कागद होत राहतील."

दिराला सांगितल्यावर तो दुखावला. "मी काय तुमचं दुकान खाणार होतो?" म्हणाला. नाही, असं मी म्हटलं, आणि ते खरंच होतं. पुढे काही दिवस त्याचा फोन आला नाही. पण नोंदणीच्या दिवशी तो रजा टाकून आला आणि साक्षीदार म्हणून त्याने अंगठा दिला. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन मालकांच्याच घरी आला होता. त्याने मला कॅमेऱ्यासमोर बसवलं. त्या करारावरचा माझा फोटो बघाल तर कोणाला वाटेल, ही बाई झोपेतून उठवून आणलीये.

त्या वर्षी छाटणीनंतर पाऊस लागून राहिला आणि बागांवर डावणी रोग पडला. रोज दुकानाबाहेर पिकअप उभ्या असायच्या.

"वयनी, पंप प्रेशरच धरत नाय बघा. लय डावणी पडलीय, आज फवारा गेलाच पाहिजे."

मी पंप उघडायची. आधी वेळ लागायचा, मग लागेनासा झाला. कोणी नवऱ्याची आठवण काढली, की मी मान हलवायची आणि पाना मागायची. लोकांना मी कठोर वाटले असेन. मला मी काहीच वाटत नव्हते. रात्री मुलीने वाढलेलं चव न कळताच खायची.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात एका दुपारी मालक दुकानात आले, स्टुलावर बसले. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. त्याच्याकडे कोणीतरी मोठ्या मोबाइल दुकानासाठी हा गाळा मागितला होता आणि गेले काही दिवस तो वडिलांच्या मागे लागला होता.

"मी त्याला म्हटलं, लॉक-इन आहे बाबा. माझे हात बांधलेत," मालक म्हणाले. "चिडला. म्हणाला, असा कसा करार केलात? मी म्हटलं, केला." त्यांनी रुमालाने मानेवरचा घाम पुसला. "खरं सांगू वहिनी? हात बांधलेले होते म्हणून बरं. नाहीतर त्याला नाही म्हणणं मला जमलं नसतं."

मी शेजारून चहा मागवला. तो त्यांनी सावकाश प्यायला. जाताना त्यांनी नव्या ब्लोअरची किंमत विचारली, उगीचच, आणि गेले.

संध्याकाळी घरी जाताना मेथी घेतली. रात्री जेवायला बसलो तेव्हा पहिल्या घासाला मी मुलीला म्हटलं, "मीठ जास्त झालंय गं आज."

तिने भाकरी तोडता तोडता माझ्याकडे पाहिलं.

"रोज एवढंच असतं, आई," ती म्हणाली.