पडल्याचा आवाज

माझी भाची मुळातच भित्री. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, पण चार लोकांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की हातपाय गार. त्यात तिला बड्या कॉम्प्युटर कंपन्यांच्या परिषदेत आपलं मशीन दाखवायला बोलावलं. मग काय, सोबतीला मावशी!

"अगं, भावोजींना एकटं टाकून?" मी म्हटलं. ताई गेल्यापासून भावोजींचं मीच बघते. झटका येऊन गेल्यावर उजवी बाजू साथ देत नाही, दोनदा पडलेत.

"मशीन आहे ना घरी, मावशी!"

तिचं मशीन म्हणजे साबणाच्या वडीएवढी डबी. माणूस पडला की धप्प आवाज ओळखून हिच्या फोनवर घंटा वाजवायची. त्या डबीला आवाज शिकवायला ही बया कित्येक दिवस घरभर स्वतःच आपटत होती. गुडघे काळेनिळे! एक डबी भावोजींच्या खोलीत लावली, तसलीच दुसरी पर्समध्ये घेऊन आम्ही निघालो.

हॉल अवाढव्य. जो तो गळ्यात ओळखपत्र अडकवून कुणाशी तरी हसत हात मिळवतोय. हिने माझा दंड धरला तो सोडेना. "मावशी, मला उलटी होईल."

"आधी बोल, मग कर उलटी." मी दटावलं आणि तिच्या गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं.

तिचा नंबर लागला. बोलली, चांगली बोलली हो! मग टेबलावर डबी ठेवून म्हणाली, "आता मी पडून दाखवते," आणि आडवी झाली. खाली गुबगुबीत गालिचा. आवाज नाही, फोन गप्प. परत पडली. तरी गप्प. मागे कुणीतरी खुसखुसलं, माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या रांगेतले एक साहेब समजुतीनं म्हणाले, "गालिच्यामुळे असेल. घरी फरशीवर शिकवलंत का?"

ती उठली ती पांढरीफटक. मला वाटलं, फजितीनं. माईक हातात तसाच, सगळ्या हॉलला ऐकू गेलं, "मावशी, काल मी बाबांच्या पलंगाशी गादी अंथरलीय. पडले तर लागू नये म्हणून."

मी पर्स उचलली आणि तिला हाताला धरून दाराकडे धावले.

टॅक्सीत बसून फोनवर फोन लावले. भावोजी उचलेनात. "झोपले असतील," मी म्हणत होते, पण माझं मलाच पटत नव्हतं. शेजारणीला लावला. ती नुकतीच बाजारात पोचली होती. "सकाळभर घरीच होते की मी. काही आवाज नाही बाई, सगळं शांत होतं." त्या शांततेचीच तर भीती होती! भाची नखं कुरतडत ड्रायव्हरला सारखी "लवकर, दादा, लवकर" म्हणत राहिली.

कुलूप काढताना तिच्या हातून किल्ली लागेना, मीच हिसकावून घेतली. भावोजी गादीवर पालथे, उजवा हात अंगाखाली अडकलेला, ओठ सुकलेले. पण डोळे उघडे होते. आम्ही दोघींनी त्यांना उताणं केलं, पाणी पाजलं. भाची ढसाढसा रडायला लागली. माझा जीव भांड्यात पडला आणि रागच उसळला.

"भावोजी, एक हाक मारायची नाही? भिंतीपलीकडे माणूस होतं!"

जड जिभेनं एकेक शब्द जुळवत ते म्हणाले, "कशाला... म्हटलं, हिचं मशीन कळवेल." आणि लेकीच्या डोक्यावर डावा हात ठेवून हसले. "कळवलं ना त्यानं? आलीस की लगेच."