साल टिकली पाहिजे!

आमच्या गाळ्यात दर रविवारी दोन गोष्टींचा ढीग लागतो: लाकडाचा भुसा आणि किस्से. भुसा पोत्यात भरून जातो. किस्से मात्र कोणी उचलून नेत नाही, म्हणून ते माझ्याकडेच साठतात!

गाळा भाईंदर ईस्टला, जिग्नेशभाईंचा. फर्निचरचा धंदा मुलाकडे सोपवून भाई आता हौसेने लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, लाकडी वाडगे बनवतात आणि आम्हाला शिकवतात. आम्ही म्हणजे बँकेत नोकरी करणारी मी आणि समुद्राकाठच्या पालीच्या कोळीवाड्यातला बस्त्याव. तो स्कूलबस चालवतो. आमचे वाडगे जरा वेगळे. ओंडका सालीसकट लेथवर चढवायचा आणि वरची साल तशीच राखायची. तीच वाडग्याचा काठ होते, वरखाली, झाडावर होती तशी. हत्यार जरा अडकलं की साल उडते आणि खेळ खलास!

बस्त्याव आला तो एकाच कामासाठी. त्याच्या दारातलं भेंडीचं झाड (भाजीची नव्हे, किनाऱ्यावर वाढते ती मोठी भेंडी) वादळात पडलं. त्याच्या आईला आता दिसत नाही. रोज सकाळी ती बाहेर येऊन त्या झाडाला हात लावायची. झाड गेलं आणि म्हातारीने उंबऱ्याबाहेर येणंच सोडलं. खोडाचा एकच धड तुकडा वाचला होता. "आयच्या हाताला तिच्या झाडाची साल लागली पाहिजे, बास," बस्त्याव म्हणाला.

तो तुकडा तडकू नये म्हणून दोन्ही टोकांना मेण फासून कोपऱ्यात ठेवलेला. दर रविवारी बस्त्याव विचारायचा, "भाई, आज?" भाई म्हणायचे, "अभी नहीं. पहले दूसरी लकडी बिगाड!"

*

बिघडवण्यात मी पुढे. पहिलाच वाडगा आतून कोरत कोरत इतकी खोल गेले की बुडाला भोकच पडलं! मला रडू यायचं बाकी होतं.

भाईंनी वाडगा उचलला, भोकातून माझ्याकडे बघितलं. "टेन्शन नको घेऊ ताई. एकदम फर्स्ट क्लास कुंडी बनवली तू. पाणी निचरायला होल पाहिजेच ना!"

आज त्या कुंडीत मनी प्लांट आहे. आणि खरं सांगते, मुलगी लग्न होऊन गेल्यावर रविवार मला खायला उठायचा. या दोघांनी तो भरून काढला. त्यांचे आभार कसे मानायचे मला कळत नाही.

*

एकदा वरसाव्याला रस्त्यावर शिरीषाची फांदी पडली होती. ती तोडणाऱ्यांनी भाईंना एक ओंडका दिला. भाई स्कूटरवर, मागे मी ओंडका मांडीवर घेऊन! पुढे पोलिसाने थांबवलं.

"काय नेताय?"

"वाडगा आहे साहेब," भाई म्हणाले.

"कुठाय वाडगा?"

"आतमध्ये आहे. बाहेर काढायचाय!"

साहेबांनी ओंडक्याकडे पाहिलं, भाईंकडे पाहिलं. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "मॅडम, यांना सांभाळून घरी न्या."

*

माझा पहिला शाबूत वाडगा मी मोठ्या कौतुकाने घरी नेला. साल पूर्ण, कुठे चीरसुद्धा नाही! डायनिंग टेबलवर ठेवून आंघोळीला गेले. बाहेर येते तर सासूबाई सिंकपाशी. काथ्याने घासून घासून त्यांनी सगळी साल काढली होती!

"काय गं, कडेला केवढी घाण चिकटली होती! दुकानदाराने फसवलं तुला."

"आई, मी बनवलाय तो."

सासूबाईंनी वाडगा उलटा करून पाहिला. "तरीच!"

*

आणि मग एका रविवारी भाईच म्हणाले, "बस्त्याव, आज."

बस्त्यावने गळ्यातला क्रूस काढून खिळ्याला अडकवला आणि भेंडीचा तुकडा लेथवर चढवला. बाहेरचा आकार झाला. आतून कोरून झालं. साल सगळीकडून घट्ट. शेवटचा हात फिरवायचा राहिला होता आणि टक्! बोटभर साल उडाली.

आम्ही तिघांनी गाळ्यातला सगळा भुसा उपसला. साल मिळाली नाही. भाई म्हणाले दुसरी चिकटवू. बस्त्याव ओरडला, "दुसऱ्या झाडाची? न्हाय!" आणि तिथेच खाली बसला. इतका मोठा माणूस डोळे पुसत होता!

पुढच्या रविवारी त्याच्याबरोबर आम्हीही पालीला गेलो. एकट्याने तो वाडगा आईला द्यायचा त्याला धीर नव्हता! त्याने वाडगा आईच्या मांडीवर ठेवला. "आय, तुझी भेंडी हाय."

म्हातारीची बोटं काठावरून फिरायला लागली. हळूहळू. चेहरा उजळत गेला. मग बोटं त्या उघड्या जागेवर आली आणि थांबली. बस्त्यावने मान खाली घातली.

म्हातारी ती जागा पुन्हा पुन्हा चाचपत राहिली. मग हसली.

"जाळं सुकवायची दोरी तुझा बापूस हितंच बांधायचा. साल पार घासून गेलती. ती जागा पण ठेवलीस रं?"