सुभेदारकाकांचा बेडूक

चार माणसं रोज एका टीव्हीसमोर बसली की किस्से आपोआप साठतात. आमचे तर एका बेडकावरच साठलेत!

कोयनानगरला माझ्या शेजारी निवृत्त सुभेदारकाका राहतात. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांचा उजवा हात लुळा पडला. झेंडावंदन कधी न चुकवलेला माणूस, पण म्हणाला, आता येणार नाही. "डाव्या हातानं सलाम ठोकू व्हय?"

त्यांचं मन रमावं म्हणून मी माळ्यावरचा जुना व्हिडिओ गेम काढला. ढब्बू बेडूक दगडादगडांवरून उड्या मारतो, बस्स. इतका संथ की लहानपणी ही कॅसेट कुणी फुकटही नेली नाही. बरं झालं, नेली नाही ते.

*

कॅसेट चालेना. माझा मित्र संज्या तीत फुंकर मारत बसला. काकी बघत होत्या. "मंत्र घालतोस व्हय रं?"

दुसऱ्या फुंकरीला गेम सुरू झाला. काकी म्हणाल्या, "आता ह्यांच्यावर बी एक मार."

*

हा बेडूक पाण्यात पडला तरी मरत नाही, परत काठावर येऊन बसतो. पहिल्या दिवशी काका सारखे पडत होते. संज्या म्हणाला, "काका, गेम लय सोपा हाय."

"पडंल तवा परत हुबा करतोय. असा साहेब मला फौजेत मिळाला न्हाई गड्या."

*

चौथ्या लेव्हलला जमीन हादरते. एकदा आमच्या खुर्च्याही हादरल्या. "काय इफेक्ट हाय!" संज्या खूश. शेजाऱ्यांनी दार बडवलं तेव्हा कळलं, खरा भूकंप! जन्म कोयनेत गेला आणि ही आमची तऱ्हा.

काका म्हणाले, "लेव्हल संपू दे, मग पळू."

*

उडीला बटण दाबलं तरी पुरतं, पण खेळणारा हातातला रिमोटही वर उचलतो. काकांच्या डाव्या हाताबरोबर उजवाही हळूहळू वर यायला लागला. डॉक्टरांनी विचारलं, "कुठला व्यायाम करता?"

"बेडूक."

त्या बिननावाच्या गेमचे उपकार मानावे तेवढे थोडेच आहेत.

*

पंधरा ऑगस्टला काका मेडल लावून शाळेच्या मैदानावर आले. झेंडा फडकला. काकांचा उजवा हात छातीपर्यंत आला आणि तिथंच अडकला. काकांचा चेहरा बघवेना.

मागून काकींचा आवाज आला, "आवं, बेडूक उडवा की!"

हात टोपीला लागला.