तीन नंबरची पाटी

आमच्या ग्रामपंचायतीचे चार प्रभाग. तीन नंबरची सदस्य मी. माझं घर आणि पिठाची गिरणी गावठाणात आहे, निवडून आले मात्र माळावरच्या वस्तीतून. महिला राखीव जागा तिथे निघाली आणि वस्तीतल्या बायका दळणाला माझ्याकडेच येतात, एवढं साधं गणित.

प्रभागांना नावं द्यायची कल्पना निवृत्त गुरुजींची. प्रभागरचना बदलली की नंबर सरकतात आणि मतदानाला म्हातारी माणसं भलत्याच खोलीपुढे रांग लावतात, हे खरंच होतं. कागदोपत्री नंबर राहू द्या, गावात आपण नावाच्या पाट्या लावू, असं त्यांनी ग्रामसभेत मांडलं. मी लगेच हात वर केला. लोकही खुलले. एक नंबर वेस, दोन नंबर चिंचमळा. चार नंबरात देशी दारूचं दुकान, म्हणून मागून कुणीतरी ‘क्वार्टर’ सुचवलं. हसून झाल्यावर बाजारतळ ठरलं. तीन नंबरला नाव शोधावंच लागलं नाही. सगळी सभा एका सुरात म्हणाली, गायरान.

वस्तीतली माणसंही म्हणाली. ती रोज तेच नाव घेतात, लग्नपत्रिकेवर पत्ता म्हणूनही छापतात. गायरान म्हणजे गुरं चारायला राखलेली सरकारी जमीन. दोन पिढ्या लोक तिथे राहतात, घरपट्टी भरतात, घरोघरी वीज आहे. जागा मात्र कुणाच्याच नावावर नाही. हे गावात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही.

सभेत एकच बाई गप्प होती. वस्तीतल्या चर्चमागे राहणारी मावशी, पूर्वी अंगणवाडीत मदतनीस होती. पुढच्या दळणाला आली तेव्हा बाकीच्या बायका जाईपर्यंत ती डबा घेऊन बसून राहिली.

“आमचा नंबरच बरा हुता, बाई.”

मी म्हटलं, नावानं काय बिघडतं, तुम्ही सगळे तेच तर म्हणता.

“आमी म्हनतो ते येगळं. ही पाटी रस्त्याव लागंल. नंबर वाचून कुनी इचारत न्हाई, कुनाच्या जागंव बसलात म्हनून.”

तिच्या घराचा गिलावा नुकताच सुरू झाला होता. मी गिरणी बंद केली आणि गुरुजींकडे गेले. चर्चवस्ती म्हणा, असं सुचवलं. ते म्हणाले, निम्मी वस्ती हिंदू आहे, ती ऐकायची नाही. मग नवी वस्ती? ती नवी कुठे आहे, ताई, म्हणाले. माणूस सरळ होता, त्यामुळे त्याच्याशी भांडताही येईना.

तिथून सरपंचांकडे. ठराव अजून लिहिलाही गेला नव्हता, नाव बदलायला हरकत नव्हती. कार्यालयात भिंतीला एक पाटी टेकवलेली दिसली. हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं : गायरान.

“उशीर केलात, वहिनी,” सरपंच म्हणाले.

बाकीच्या तीन पाट्या कुठे आहेत, मी विचारलं. येतील की सावकाश, म्हणाले. त्या अजून आलेल्या नाहीत.

गायरानची पाटी घोडेगावकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर, फाट्यालाच लागली. जनावरांच्या बाजाराच्या दिवशी तिच्याखाली एक पांढरी जीप थांबली. दोघं उतरले, पाटीचा मोबाईलवर फोटो काढला, माळाकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले आणि कुणाशी न बोलता गेले. मग गावात सौर प्रकल्पाला जागा हवी असल्याची बोलणी ऐकू यायला लागली. कोण बोलतंय ते कळत नव्हतं. वस्तीत एकानं सिमेंटची गाडी दारातून परत पाठवली. मावशीनं गवंड्याला नको म्हणून सांगितलं. अर्ध्या भिंतीला गिलावा, अर्ध्या भिंतीच्या विटा उघड्या. पोरं पाटी उपटायला निघाली होती. मी अडवलं. पाटी उपटून जमीन बदलत नाही, केस मात्र होते.

मोजणीवाले आले ते सकाळी. प्रभागाची सदस्य म्हणून मला पंच व्हायला बोलावलं होतं. मी सही करणार नाही म्हटलं. त्यांच्यातला मोठा माणूस समजुतीनं म्हणाला, “हरकत नाही मॅडम, सरपंचांची झालीय.” मग त्यानं फाट्यावरच्या पाटीकडे हात केला आणि हाताखालच्या माणसाला माप तिथून धरायला सांगितलं.

चुन्याच्या फक्कीची रेघ बाभळीच्या कडेनं, शेळ्यांच्या गोठ्यातून, दोन घरांच्या पाठीमागून सरकत आली आणि मावशीच्या अंगणात शिरली. उंबऱ्याच्या पुढून गेली. म्हणजे अंगण मोजलेल्या जागेच्या बाहेर आणि घर आत. मावशी दारात उभी होती. तिनं आतून खराटा आणला आणि अंगणातली रेघ झाडून काढली, रोज सकाळी झाडते तशी, कोपऱ्यापासून.

फक्कीवाला थांबला. तिचं झाडून होऊ दिलं. मग घमेल्यातून मूठ भरून त्यानं तीच रेघ पुन्हा ओढली, आधीपेक्षा जाड.